पत्रावळीचा हिशेब

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी मंडपात केलेले भाषण. वक्ते अनेक वर्षे दिंडीची कोठी सांभाळतात. त्यांच्या बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी कीर्तनकार नाही, प्रवचनकार नाही. मी कोठीवाला. दिंडी चालत असते तेव्हा मी सामानाच्या ट्रकात डाळीच्या पोत्यावर बसलेला असतो. तुम्ही मुक्कामाला पोचायच्या आत चूल पेटली पाहिजे, एवढीच माझी सेवा. दिंडी कुणी सुरू केली, कुणी वाढवली, हे जाणत्या मंडळींनी गेल्या पाच दिवसांत सांगितलं. मला एकच गोष्ट येते, हिशेब. तेव्हा आज हिशेबच मांडतो.

आधी माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायला मला तोंड नाही.

आपली दिंडी तीनशे माणसांची धरा. आळंदीहून निघाल्यापासून पंढरीचा काला होईपर्यंत वीस दिवस धरा. दोन वेळची पंगत. म्हणजे दिवसाला ६०० ताटं आणि वारीला १२,०००. या बारा हजार पत्रावळी कुठून यायच्या? वडीलधाऱ्यांनी रीत घालून दिली होती. पानं आपल्या डोंगराच्या पळसाची, आणि लावणार आपल्याच वस्तीवरच्या बाया. ज्येष्ठात गठ्ठे बांधून तयार असायचे.

कोठी माझ्याकडे आली त्या पहिल्याच वर्षी मी तालुक्याच्या बाजारात थर्माकोलची ताटं पाहिली. पांढरीशुभ्र, हलकी, आमटी गळत नाही, वर पाणी शिंपडायला नको. आणि ताटामागं पन्नास पैसे स्वस्त. बारा हजार ताटांत सहा हजार रुपये वाचले. जमाखर्च वाचून दाखवला तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "नाना, कोठी शोभते तुम्हाला." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी वैशाखात एक माउली घरी आल्या होत्या. दरसाल यायच्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "नाना, पानं तोडायला लागू का? यंदा पानं चांगली आलीत." मी म्हणालो, "यंदा नको, बाई. यंदा ताटं आणलीत." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. एवढंच. भांडण नाही, तंटा नाही.

त्या वारीला त्या आपल्या दिंडीत नव्हत्या. मला वाटलं, आजारी असतील. लोणंदच्या मुक्कामाला मी पाण्याच्या टँकरची वाट बघत उभा होतो, तर रस्त्याच्या कडेला अन्नदानाच्या रांगेत त्या दिसल्या. कोणत्याही दिंडीत नाही, मोकळ्या समाजात चालत होत्या. मी विचारलं, "दिंडीत का नाही आलात?" म्हणाल्या, "नाना, भिशी भरायला पत्रावळीचेच पैसे असायचे."

माउली, मी त्या दिवशी जेवलो नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. जेवलो. पण तो घास आजवर घशात आहे. मी सहा हजार वाचवले, ते कुणाच्या घरातून काढून वाचवले, हे माझ्या जमाखर्चात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी दसऱ्याला त्यांच्या घरानं मुकादमाकडून उचल घेतली. उचल म्हणजे काय हे या मंडपात कुणाला सांगायला नको. आपला हा बालाघाटाचा डोंगरपट्टा. दसरा झाला की इथली निम्मी वस्ती कारखान्याच्या वाटेला लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी पैसे घ्यायचे, मग सहा महिने ऊस तोडून फेडायचे, फिटले नाहीत तर पुढच्या साली परत जायचं. पोरं बरोबर गेली तर त्यांची शाळा दिवाळीतच संपते. पत्रावळी बंद झाल्या म्हणूनच ते घर गेलं, असं मी म्हणत नाही. पाऊसही त्या दोन वर्षांत नीट नव्हता. पण वैशाखात हातात येणारी ती रक्कम असती, तर बी-बियाण्याला आणि किराण्याला उसनवारी कमी झाली असती. गरिबाचं घर एका मोठ्या दणक्यानं क्वचित मोडतं. अशा लहान लहान रकमा एकेक करून बंद होतात आणि एक दिवस उचल घ्यावी लागते.

आता आपण वारकरी माणसं. आपल्या संतांनी प्रपंच सोडून कुणाला रानात जायला सांगितलं नाही. सावता महाराज अरणला मळा करत होते. पांडुरंग स्वतः त्यांच्या मळ्यात आला, असं परंपरा सांगते. गोरोबा काका तेरला मडकी घडवत होते. नरहरी महाराज सोनारकी करत, नामदेवराय शिंपी घरातले, सेना महाराज न्हावी. ज्याच्या त्याच्या गावात जी माती, जो धंदा, त्यावरच त्यांचं घर चाललं आणि त्यातच त्यांचा देव होता. आणि तुकोबारायांचं घर तर सावकारीचं. दुष्काळात लोकांचे हाल त्यांनी पाहिले आणि आपल्या वाट्याचे कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडून दिले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्यापाशी बुडवायला कुणाचे कागद नाहीत. पण एखाद्या घराचा नवा कागद लिहिला जाऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे. माझं आजचं सांगणं एवढंच आहे. ते कसं करायचं, तेवढं ऐका.

आपल्या शिवारात काय काय आहे, ते मोजायला आपण कधी बसलो नाही. आपण नाही तेच मोजतो. पाणी नाही, काळी जमीन नाही, कारखाना नाही. आहे त्याला आपण फुकटचं म्हणतो. बांधावरचा पळस फुकटचा, डोंगरावरचं सीताफळ फुकटचं, गावठाणातली चिंच फुकटची. पण तेच फुकटचं व्यापारी ट्रक भरून नेतो, तेव्हा तो काय पदरचे पैसे घालून डिझेल जाळतो का?

चिंचेचं बघा. माघ-फाल्गुनात घरात पैसा नसतो. तेव्हा व्यापारी येतो, झाडाकडं बघतो, उक्ता आकडा सांगतो आणि आपण झाड देऊन टाकतो. पुढं आपलीच बाई मजुरीनं त्याच झाडाची चिंच फोडायला जाते. आता रीत सांगतो. भाव दरसाल हलतो, म्हणून भावाचा आकडा सांगत नाही. दहा किलो बोटूक, म्हणजे सालासकट चिंच घेतली, तर फोडून साधारण साडेचार-पाच किलो गर निघतो, तीन-चार किलो चिंचोका निघतो, बाकी साल आणि रेषा. चिंचोकाही विकला जातो, त्याची खळ होते. गर उन्हात वाळवून, मीठ लावून, कोरड्या जागी दाबून ठेवला तर पावसाळ्यापर्यंत टिकतो. म्हणजे उभ्या झाडाच्या आकड्यात आपण साल, चिंचोका, गर, फोडण्याची मजुरी आणि चार महिने थांबण्याचा फायदा, एवढं सगळं एकदम देऊन टाकतो. का? तर त्या दिवशी हातात पैसा नसतो. गरिबाला थांबता येत नाही, तिथंच त्याचा माल मातीमोल होतो.

सीताफळाचं दुखणं आणखी निराळं. सीताफळाच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही, म्हणून उजाड डोंगरावरही ते टिकलं. आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे त्या नावाचा मान सरकारदरबारी नोंदला गेला. पण फळ पिकतं भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत, आणि आपली माणसं गाव सोडतात आश्विनात. फळ झाडावर आणि माणूस फडावर. जे मागं राहतात ते डाल भरून रस्त्याकडेला बसतात आणि संध्याकाळी पडेल त्या भावानं विकतात, कारण डोळे उघडलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडं थांबत नाही. त्याचा गर काढून गोठवला तर वर्षभर चालतो, पण त्याला शीतयंत्र आणि न जाणारी वीज लागते. ते एका घराचं काम नाही. एका घराला एवढं जमतं की फळ डोळे उघडायला लागताच तोडावं, मोठं-बारीक निवडावं, ढिगानं न विकता पाट्या भरून चार-पाच घरांचं एका गाडीत रात्रीतून बाजाराला न्यावं. नुसत्या निवडण्यानं भावात फरक पडतो, हे आपल्या इथल्या बायांनी करून बघितलंय.

लोकरीचं सांगतो. आपल्या आज्यापणज्यांच्या खांद्यावर घोंगडी असल्याशिवाय वारी होत नव्हती. पावसात डोक्यावर, रात्री अंगाखाली. धनगरांच्या घरी मेंढरं कातरायची, बायांनी सूत काढायचं, सनगरांनी खड्ड्यातल्या मागावर विणायचं आणि वर चिंचोक्याची खळ द्यायची. बघा, चिंचेचाही धागा तिथं जाऊन पोचतो. एका घोंगडीवर तीन घरं जेवत होती. आता कातरणीचाही खर्च निघत नाही म्हणून लोकर बांधावर टाकून देतात, आणि आपण वारीला प्लास्टिकचा कागद पांघरून चालतो. तो कागद एका वारीत फाटतो. घोंगडी बापाची लेकाला पुरायची.

आणि गळ्यातली माळ? पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या काष्ठाचे मणी करून माळा ओवतात. त्या माळेवर पंढरीतली चूल पेटते. आपण माळ घेताना नुसती स्वस्त मागतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही लाकडाचा मणी आपल्या गळ्यात येतो, आणि ती चूल थंड होते.

आता कुणी म्हणेल, नाना, हे सगळं खरं, पण गरीब माणसानं व्यापाऱ्यापुढं भाव कसा धरायचा? त्यासाठी एका गावाची गोष्ट सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे. लेखा गावाजवळचं म्हणून मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरं. भोवती बांबूचं जंगल. पण बांबू तोडायचा हक्क करारानं कागद कारखान्याला दिलेला. गावच्या माणसाला आपल्याच जंगलात मजुरी तेवढी. त्या गावात देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल यांनी आधी काय केलं, तर लोकांना एकत्र बसून अभ्यास करायची सवय लावली. निर्णय बहुमतानं नाही, सगळ्यांच्या संमतीनं. एकजण जरी नाही म्हणाला तरी परत बसायचं. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत ते आहे. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना अडलेलाच होता. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. मग ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला, तोडणाऱ्याला मजुरी दिली आणि उरलेला पैसा गावाच्या नावावर ठेवला.

आपला उजाड डोंगर आणि त्यांचं ते जंगल, यांची बरोबरी नाही, हे मलाही कळतं. पण रीत बघा. बांबू आधीही तोच होता, तोडणारे हातही तेच होते. भाव कुणी ठरवायचा, एवढंच बदललं. आणि ते एकट्यादुकट्यानं झालं नाही, गाव एकत्र बसलं म्हणून झालं. आपण तर वारकरी. ओळ मोडायची नाही, टाळ एका तालात वाजवायचा, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. टाळ एका तालात वाजवतो आणि चिंच मात्र ज्याची त्यानं चोरून विकतो!

हसू नका, मी पण विकली आहे.

आता आपल्या इथं काय झालं ते सांगतो. २०१८ साली राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. त्या वर्षी मी कागदी ताटं आणली. बघितलं तर आतून प्लास्टिकचा पापुद्रा. मुक्काम हलला की ज्याच्या शेतात आपण उतरलो त्याच्या शेतात ढीग तसाच. पूर्वी पत्रावळ जनावर खायचं, उरली तर उकिरड्यात कुजून खत व्हायची. मनाला फार लागलं. २०१९ च्या चैत्रात, ती माणसं फडावरून परत आल्यावर, मी स्वतः त्या माउलींच्या दारात गेलो. या खेपेला उंबऱ्याबाहेर मी उभा होतो.

त्या म्हणाल्या, "पानं आहेत, नाना. पण बारा हजार एकटीच्यानं होणार नाहीत. आणि पैसे आधी लागतील. वैशाखात मजुरी सोडून पानं तोडायची तर घरात काय शिजवू?"

हे दोन्ही मला आधी सुचलं नव्हतं. त्यांच्या बचत गटातल्या सात बाया तयार झाल्या. राज्यात २०११ पासून 'उमेद'चं काम आहे, त्यातलाच हा गट. आठवड्याची बैठक, बचत, आपसातलं कर्ज, फेड आणि लिहिलेला हिशेब, ही शिस्त त्यांना होतीच. बँकेत खातं होतं. दिंडीनं भिशी आषाढाच्या तोंडावर जमवायची ती चैत्रात निम्मी जमवली आणि पत्रावळीची निम्मी रक्कम त्यांच्या खात्यावर आगाऊ भरली. माउली, मुकादमही आगाऊच देतो. फरक एवढाच की मुकादमाची उचल माणसाला गावाबाहेर नेते, आणि ही रक्कम माणसाला गावात ठेवते.

पहिल्या वर्षी फजिती झाली. ज्येष्ठात वळीव आला, पत्रावळी पुऱ्या वाळल्या नव्हत्या, आम्ही घाई करून प्लास्टिकच्या पोत्यात भरल्या. फलटणच्या पुढं गठ्ठा उघडला तर पांढरी बुरशी. दोन हजार पत्रावळी फेकल्या. मंडळी माझ्यावर चिडली, आणि चिडायला जागा होती. नुकसान दिंडीनं निम्मं सोसलं, गटानं निम्मं.

पण त्यातून शिकलो. आता सगळ्यांना माहीत व्हावं म्हणून सांगतो. पान कोवळं नको आणि करकरीतही नको. दव उडाल्यावर तोडायचं. फांदी ओरबाडायची नाही, शेंड्याचं पान ठेवायचं, म्हणजे झाड पुढच्या साली परत देतं. एका पत्रावळीला सहा-सात पानं लागतात. काडी बांबूची किंवा कडुनिंबाची, बारीक तासलेली, टोक वर राहता कामा नये, लेकराच्या बोटाला लागतं. लावून झाली की दगडाखाली दाबायची, मग सावलीत वाळवायची. शंभराचा गठ्ठा. पोतं तागाचंच. ट्रकात खाली फळी टाकून, मगच वर गठ्ठे. आणि आमटी द्रोणातच वाढायची. पत्रावळीवर आमटी ओतून 'गळते, गळते' म्हणणारा वाढपी माझ्याकडं पाठवा.

२०२० आणि २०२१ ची पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं गेल्या, हे दुःख आपण सगळ्यांनी भोगलं. २०२० ला पानं तोडून झाली होती, चार हजार पत्रावळी लावून तयार होत्या. भिशी जमा नव्हती. तरी आपल्यातल्या पाच जणांनी पदरमोड करून त्यांचे निम्मे पैसे दिले. त्यांची नावं मी सांगणार नाही, त्यांनी सांगू नको म्हटलंय. पण तेव्हा ते पैसे दिले नसते, तर २०२२ ला पत्रावळी मागायला मी कुठल्या तोंडानं गेलो असतो?

आता हिशेब पुरा करतो, आणि खरा करतो. बारा हजार पत्रावळी, दोन रुपयांनी चोवीस हजार. हात बसलेली बाई दिवसाला शंभर लावते. म्हणजे सगळं काम मिळून १२० दिवसांचं. सात जणींत वाटले तर एकीला तीन हजार चारशेच्या आसपास. एवढ्यानं कोयता सुटत नाही. सुटतो असं मी सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. एका पळसावर संसार चालत नाही.

म्हणून त्या बायांनीच पुढं पाऊल टाकलं. आगाऊ रकमेतून त्यांनी माघात चिंचेची झाडं उक्ती देणं थांबवलं. सात घरांची चिंच एकत्र फोडली, वाळवली, थांबून विकली. वैशाख-ज्येष्ठात पत्रावळी, वारीच्या आणि गावोगावच्या सप्ताहांच्या, लग्नाच्या. आश्विनात ज्या गावात राहिल्या त्यांनी सीताफळ निवडून पाठवलं. एकेक रक्कम लहान, पण वर्षात तीन-चार वेळा घरात पैसा येतो. आणि ज्या घरात असा मधून मधून पैसा येतो त्या घराला थांबता येतं.

आज त्या सात घरांचं असं आहे. दोन घरांनी गेली तीन वर्षं उचल घेतलेली नाही. तीन घरांतला बाप्या माणूस अजून जातो, पण बाई आणि पोरं गावात राहतात, पोरं शाळेत जातात. दोन घरं अजूनही पुरीच्या पुरी जातात. त्यांच्या डोक्यावर जुनं देणं आहे, ते पत्रावळीनं फिटणारं नाही. हेही हिशेबात लिहिलं पाहिजे. फक्त जमेची बाजू वाचणारा कोठीवाला मी एकदा होतो, आता नाही.

शंभर वर्षं झाली म्हणून मंडप घातला, कमान उभारली, आनंद आहे. पण या वर्षाची काही खूण राहावी असं वाटत असेल, तर माझं मागणं तीन गोष्टींचं आहे.

पहिलं, प्रत्येक गावच्या आपल्या वारकऱ्यांनी एक दिवस ग्रामसभेत बसून आपल्या शिवारातलं मोजावं. पळस किती, चिंचा किती, सीताफळ कुठं, मेंढरं किती, कुणाच्या हातात कोणती कला आहे. गायरानावरचं, वनखात्याच्या जमिनीवरचं तोडायला कुणाचा हक्क आहे, हे विचारून घ्यावं. मेंढ्याचे लोक आधी हेच शिकले. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं त्यांनी आपल्या रानातली मधमाशी मोजली. आपण आपलं मोजू.

दुसरं, दिंडी जे विकत घेते ते आधी आपल्या गावांतून घ्यावं. पत्रावळी, द्रोण, डाळ, हळद, मसाला, पापड, कापडी पिशव्या. आणि निम्मी रक्कम चैत्रात द्यावी. पण एक सांगतो, कीव म्हणून घेऊ नका. फाटकी पत्रावळ परत करा, मापात कमी डाळ परत करा. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. चांगला माल देऊन दाम घेणाऱ्याची मान ताठ राहते. आपल्याला शेजारची मान ताठ झालेली बघायची आहे. आणि माल परत करताना, तो का परत केला आणि चांगला कसा होईल, हे शेजारी बसून सांगा.

तिसरं, भिशी. दिंडीत एकही माणूस केवळ भिशी नाही म्हणून मोकळ्या समाजात चालू नये. ज्याला पैसे भरता येत नाहीत त्यानं पत्रावळी, द्रोण, सूत, पापड, हातात जे येत असेल ते द्यावं. त्याची किंमत मांडून भिशीत वळती करावी. शंभर वर्षांपूर्वी मूठभर पीठ आणि मूठभर डाळ आणूनच तर दिंडी चालायची. आपण नवीन काही करत नाही, मोडलेली रीत परत बसवतो.

ज्या माउलींची गोष्ट मी सांगितली त्यांचं नाव मी घेतलं नाही. त्या समोर तुळशीवाल्यांत बसल्यात आणि मघापासून पदरानं तोंड झाकतायत, कारण मी बोलणार हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. बाई, तुमची परवानगी न घेता बोललो, माफ करा. लोणंदच्या त्या रांगेत जे म्हणायला पाहिजे होतं, ते आज सगळ्यांदेखत म्हणतो. चूक माझी होती.

उद्या काल्याच्या पंगतीला या मंडपात दोन हजार पानं पडतील. ती सगळी आपल्या डोंगराच्या पळसाची आहेत, आपल्याच बायांनी लावलेली आहेत. बसलात की वदनी कवळ घ्यायच्या आधी पत्रावळीची टाचण एकदा बघा. काडीचं टोक कुठं वर आलेलं दिसलं तर कोठीवर येऊन मला सांगा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!